जिराफाला किती शिट्ट्या?

माझी भाची सात वर्षांची आहे. परवा तिने एक चित्र आणून दाखवलं, कुकरचं. झाकणाला मोठं भोक, त्यातून जिराफाची मान वर आलेली, मानेवर व्यवस्थित ठिपके, आणि शिट्टी कुठे तर थेट जिराफाच्या डोक्यावर, त्या दोन बोथट शिंगांच्या बरोब्बर मधे. जिराफ हसत होता. मी म्हटलं हे काय गं, तर म्हणे "मावशी, ह्याला किती शिट्ट्या लागतील?" आणि उत्तराची वाट न बघता पळाली खेळायला. मुलांचं हे बरं असतं, प्रश्न टाकायचा आणि जायचं, इकडे मी रात्री ओटा पुसता पुसता विचार करतेय की खरंच, किती लागतील?

आधीच सांगून टाकते, जिराफ कुणी शिजवायला घेऊ नका. जगात साधारण लाखभर उरलेत आणि २०१६ पासून आययूसीएनने, म्हणजे निसर्ग जपण्यासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, त्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत टाकलंय. त्यामुळे इथे जे काही शिजणार आहे ते कागदावर. पण कागदावर शिजवायला ह्याच्याइतका मस्त प्राणी दुसरा नाही, कारण ह्याच्या अंगातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट गुरुत्वाकर्षणाशी भांडण्यासाठी बनलेली आहे, आणि जे आयुष्यभर भांडलंय ते पातेल्यात सहजासहजी मऊ पडत नाही.

तसे दुसरे उमेदवार पण बघितले मी. जायंट स्क्विड बाद, कारण ते खोल समुद्रात बुडू नये म्हणून अंगात अमोनियम क्लोराइड साठवून ठेवतं, खाऱ्या पाण्यापेक्षा ते हलकं ना. क्लाइड रोपर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने, ज्याने आयुष्यभर ह्या प्राण्याचा अभ्यास केला, त्याने एकदा तुकडा शिजवून खाऊन पण बघितला आणि तो कडू लागला, अमोनियासारखा, म्हणजे फरशी पुसायच्या लिक्विडच्या वळणाचा. ध्रुवीय अस्वल पण बाद. १५९६-९७ चा हिवाळा रशियाच्या उत्तरेकडच्या नोवाया झेम्ल्या बेटांवर अडकून काढलेल्या डच खलाशांनी अस्वलाची कलेजी शिजवून खाल्ली आणि आजारी पडले, तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत सगळी कातडी सोलवटून निघाली. त्यात व्हिटॅमिन ए इतकं ठासून भरलेलं असतं की ते विषच होतं. आणि व्हिटॅमिन ए शिजवून जात नाही, कितीही शिट्ट्या करा. तेव्हा जिराफच.

पहिला प्रश्न, अख्खा शिजवायचा की तुकडे करून? चित्रात अख्खा आहे तर अख्ख्यापासून सुरू करू.

एक काम करा, एक मोठा बटाटा घ्या आणि दुसरा त्याच्या निम्म्या जाडीचा. दोन्ही उकळत्या पाण्यात टाका आणि दहाएक मिनिटांनी मोठा बाहेर काढून मधोमध कापा. कडेचा भाग शिजून रंग बदललेला असतो आणि मधे कच्चा, टणक गोल, आणि दोन्हींमधली रेघ इतकी स्वच्छ असते की कंपासने काढलीय असं वाटावं. ती रेघ म्हणजे साधारण ६०-६५ अंशांची सीमा, तिथपर्यंत बटाट्यातला स्टार्च फुललाय, त्याच्या आत अजून नाही. आता बाहेर सगळीकडून १०० अंशांचं पाणी खळखळतंय, तरी आतला गोल कच्चा का? कारण उष्णतेला आत पळत जायला वाट नसते, एक थर तापतो, तो शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला, असं हातोहात प्रकरण चालतं, सरकारी फाइलसारखं. आणि ह्या फाइलचा नियम असा की जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट नाही लागत, चौपट लागतो. तिप्पट जाडी, नऊपट वेळ. गॅस मोठा करून ह्यात काहीही फरक पडत नाही, पाणी उकळायला लागल्यावर गॅस मोठा केला तर वाफ जास्त होते आणि गॅस जळतो, बटाटा होता तिथेच, हे मला स्वयंपाक करायला लागून दहा वर्षं झाल्यावर कळलं आणि कळल्यावर स्वतःचाच राग आला.

मांसाचंही तेच, कारण मांस काय आणि बटाटा काय, पाऊण हिस्सा पाणीच. पाच सेंटिमीटर जाडीचा तुकडा असेल तर त्याच्या मध्यापर्यंत उष्णता नीट पोचायला ढोबळमानाने सव्वा तास लागतो. आता जिराफ. मान आणि पाय सध्या सोडा, नुसतं धड एक मीटर जाडीचं धरू आणि भरीव आहे असं मानू. म्हणजे जाडी वीसपट. वेळ वीस गुणिले वीस, चारशेपट. सव्वा तास गुणिले चारशे म्हणजे ५०० तास, जवळपास २१ दिवस. तीन आठवडे खाली जाळ विझू द्यायचा नाही.

आणि तीन आठवड्यांनी तो शिजेल का, तर नाही, तो त्याच्या कितीतरी आधी नासेल. जिराफ आत अडतीस-एकोणचाळीस अंशांवर असतो, म्हणजे मधला भाग कोमट अवस्थेतच सुरुवात करणार आणि चाळीस-पंचेचाळीसच्या पट्ट्यात कित्येक दिवस रेंगाळणार. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचे जे जिवाणू असतात, मोठ्या पातेल्यातलं जेवण हळूहळू गार होताना पोट बिघडवणारे हेच, त्यांना ४३ ते ४५ अंश म्हणजे स्वर्ग. तिथे ते दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतात. दहा वेळा दुप्पट म्हणजे हजारपट, आणि त्याला लागली शंभर मिनिटं, आणि आपल्याकडे आहेत तीन आठवडे. बाहेरून करपलेला, मधे सडलेला. वर जिराफ रवंथ करणारा, त्याच्या पोटात आधीच आंबवण्याची मोठी टाकी आहे, ती बाहेरून शेकल्यावर गॅस कुठे जाणार? २००४ च्या जानेवारीत तैवानमधल्या ताइनान शहरात एक मेलेला स्पर्म व्हेल ट्रकवरून नेत होते, साधारण ५० टनांचा, आणि तो आतल्या गॅसने भर रस्त्यात फुटला, दुकानं, गाड्या, माणसं सगळी रक्तात न्हाली. तिथे तर कुणी खाली गॅस पण लावला नव्हता.

(आणि तो जुना विनोद, फ्रिजमध्ये जिराफ कसा ठेवायचा, दार उघडा, जिराफ ठेवा, दार लावा. चौथी पायरी कुणी सांगत नाही. गार व्हायलाही हाच दुप्पट-चौपटचा नियम लागतो, तो फ्रिजमध्ये मावला तरी आतून तीन आठवडे कोमटच राहणार.)

तर तुकडे. हजार किलोचा जिराफ घेऊ. नर सरासरी बाराशेच्या आसपास भरतो, मादी आठशेच्या. हाडं, कातडी, वजरी, खूर सगळं वजा करून समजा ४०० किलो मांस निघालं. तीन-तीन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे केले तर एक तुकडा २८-२९ ग्रॅमचा, म्हणजे चौदा हजार तुकडे. पाच लिटरचा कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नसतो, पाणी धरून त्यात दोन किलो मांस जाईल, म्हणजे दोनशे कुकर. प्रत्येकी एक तास धरला तर दोनशे तास, आठ दिवस आणि वर आठ तास, मधे झोपायचं नाही.

इथे मी सहज म्हणून ऊर्जेचा हिशेब केला आणि आश्चर्य वाटलं. ४०० किलो मांस २० अंशांवरून ९५ वर न्यायला किती उष्णता लागते? साधारण २९ युनिट वीज. म्हणजे दोन किलोवॅटचा गीझर पंधरा तास चालवला तर जेवढी होते तेवढी, बस. भांडी तापवण्यात, वाफेत वाया गेलेली वेगळी, पण तरीही, अख्ख्या जिराफाला पुरेल एवढी उष्णता घरात सहज आहे. अडचण उष्णतेची नाहीच, अडचण ती आत पोचवायची आहे. तुकडे करायला जी सुरी लागते ना, ती खरं तर स्वयंपाकघरातलं सगळ्यात जास्त गॅस वाचवणारं यंत्र आहे, आणि तिला कुणी स्टार रेटिंग देत नाही.

आता कुकर कशासाठी, साधं पातेलं का नाही? ह्याचं उत्तर कोलॅजनमध्ये आहे. स्नायूचे धागे आणि धाग्यांचे जुडगे ज्या पांढऱ्या पातळ पडद्यांनी बांधलेले असतात ते कोलॅजनचे, प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींत पिळून केलेला दोर. तापवलं की हा दोर आधी आखडतो, साठ-पासष्ट अंशांच्या आसपास, आणि आखडताना आतलं पाणी पिळून काढतो, टॉवेल पिळावा तसं. म्हणून अर्धवट शिजलेलं चिवट मांस कच्च्यापेक्षा वाईट लागतं, आणि नवशिके लोक नेमकं तिथेच घाबरून गॅस बंद करतात, म्हणतात जास्त शिजलं वाटतं. नाही हो, कमी शिजलंय. सत्तरच्या वर गेलात आणि धीर धरलात की तोच पीळ हळूहळू सुटतो, दोर विरघळतो आणि त्याचं जिलेटिन होतं, तोंडात जो मऊ, किंचित चिकट, भरलेला असा फील येतो तो त्याचा. सत्तरला हे काम रात्रभर चालतं, शंभरला काही तासांत होतं, आणि कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण १२० अंशांपर्यंत जातं तिथे तासाभरात.

हे पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आलं तो दनी पापँ, फ्रेंच माणूस, १६७९ मध्ये त्याने पहिला कुकर बनवला आणि नाव ठेवलं डायजेस्टर. त्याला मुख्यतः मांस नाही, हाडं शिजवायची होती, जी लोक फेकून देत त्यातून पोषण काढायचं होतं. १६८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याने त्यातलं जेवण घातलं आणि जॉन एव्हलिनने डायरीत लिहून ठेवलंय की हाडं चीजसारखी मऊ झाली होती. दाब वाढून भांडं फुटू नये म्हणून त्याने वर वजन टांगलेली एक झडप बसवली, आणि ती झडप म्हणजे आपल्या शिट्टीची खापर-खापर-पणजी. भाचीने ती जिराफाच्या डोक्यावर नेऊन ठेवली हा पुढचा शोध.

पण त्या चित्रात एक गंमत आहे जी तिला माहीत नाही. जिराफ हा मुळात थोडासा कुकरच आहे. माणसाचं वरचं ब्लडप्रेशर १२०, जिराफाचं २८० पर्यंत जातं, हृदयाच्या पातळीला. कारण उघड आहे, हृदयापासून डोकं दोन मीटर वर, आणि दोन मीटर रक्ताचा खांब नुसता उभा धरायलाच दीडशेच्या वर दाब लागतो, मग मेंदूत रक्त फिरायचं ते वेगळं. आता कुकर शिट्टी देतो तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक वातावरण, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढाच, जास्त दाब असतो, तो ह्याच मापात ७६०. म्हणजे जिराफाचं हृदय दर ठोक्याला एक तृतीयांश शिट्टीच्याही थोडं पुढेच जातं, आणि हे आयुष्यभर, पंचवीस वर्षं, गॅस न लावता.

ह्या हृदयाबद्दल सगळीकडे छापलेलं असतं की ते प्रचंड मोठं असतं. तसं नाहीये, नीट मोजल्यावर निघालं की शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काच, इतर सस्तन प्राण्यांसारखंच. फरक भिंतीत आहे, डाव्या कप्प्याची भिंत आठ सेंटिमीटरपर्यंत जाड आणि आतली पोकळी लहान. पातेल्याच्या भाषेत सांगायचं तर सलग, दाट, चरबी जवळजवळ शून्य, आणि मायोग्लोबिनमुळे गडद लाल, कारण न थांबणाऱ्या स्नायूला ऑक्सिजनचा साठा जवळ लागतो. माणसाला एवढं प्रेशर असतं तर हृदय, किडनी सगळं कामातून गेलं असतं, ह्याला काहीच कसं होत नाही हे बघायला चिनी आणि इतर देशांतल्या शास्त्रज्ञांनी जिराफाच्या एफजीएफआरएल१ नावाच्या जनुकातले बदल उंदरांत घातले, आणि २०२१ मध्ये छापलं की त्या उंदरांना औषधाने प्रेशर वाढवायचा प्रयत्न केला तरी त्यांचं फारसं बिघडलं नाही, वर त्यांची हाडंही जास्त घट्ट निघाली. जिराफाचा असा उपयोग करावा, रश्श्यासाठी नाही.

पाय. जिराफाचे पाय लांब दिसतात पण खालच्या अर्ध्या भागात मांस असं नाहीच, कंडरा, हाड आणि कातडी. सगळं मांस वर, मांडीला आणि खांद्याला, कारण लोलकाच्या टोकाला वजन कमी असलं की तो हलवायला कमी कष्ट पडतात. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमध्ये २०१४ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयात मेलेल्या जिराफांचे पाय चौकटीत उभे करून वरून २५० किलोपर्यंत भार दिला, आणि त्यात जिवंत स्नायूचा काडीचा आधार नसताना पाय उभे राहिले. हाडाच्या मागच्या खोबणीत एक लवचिक पट्टा असतो तो सगळा भार तोलून धरतो. वर ह्या पायांची कातडी इतकी घट्ट बसलेली असते की व्हेरिकोज व्हेन्सवाल्यांना डॉक्टर जे मोजे घालायला सांगतात तसे जन्मजात मोजेच. नाहीतर हृदयापासून खाली आणखी दोन मीटर रक्ताचा भार येतो, दाबात अजून दीडशेची भर, पाय सुजून खांब झाले असते. नासाच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात ह्याचा खास अभ्यास केला होता, कारण अंतराळात राहून परत आलेल्या माणसाचं रक्त पायात उतरतं आणि त्याला चक्कर येते.

म्हणजे शिजवणाऱ्याच्या नजरेने बघितलं तर खालचा पाय हा निव्वळ कोलॅजन. पाये शिजवून ते पाणी रात्री फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी भांडं वाकडं केलं तरी सांडत नाही, नुसतं थुलथुल हलतं आणि चमच्याने कापलं की कापलेली कड तशीच उभी राहते. जिराफाच्या चार पायांचं असं केलं तर तो डोह जमला असता. नळीचं हाड कुठल्या भांड्यात मावणार हा वेगळा विषय.

खाण्यासारखा म्हणाल तर एकच भाग, पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूला चिकटलेला लांबट स्नायू, खाटीक ज्याला अंडरकट म्हणतात. तो उभं राहायला लागत नाही, चालताना फार लागत नाही, घरातल्या सगळ्यात लाडक्या माणसासारखा नुसता आत बसून असतो, म्हणून मऊ. कुठल्याही चार पायांच्या प्राण्यात हा हिशेब लागू पडतो, ज्या स्नायूने कमी काम केलं त्यात कोलॅजन कमी, तो चटकन शिजतो, आणि प्राणी जितका म्हातारा तितक्या त्या दोरांना एकमेकांत जास्त गाठी, तितकं जास्त शिजवायचं. त्या मऊ तुकड्याला कुकरमध्ये घालणं म्हणजे पाप, तो गरम तव्यावर टाकायचा, कारण भाजल्याचा तो खमंग वास १४० अंशांच्या पुढे येतो, साखर आणि प्रथिनं एकमेकांत गुंतून, मायार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९१२ मध्ये ही रिअॅक्शन सांगितली. कुकरमध्ये सगळं ओलं, तापमान १२० च्या आसपास अडकलेलं, तिथे तो वास फारसा तयारच होत नाही.

वासावरून आठवलं. जिराफाला वास येतो, चांगलाच, म्हाताऱ्या नरांना तर जास्तच. २००२ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी त्याच्या केसांतली रसायनं शोधली तर मुख्य निघाली इंडोल आणि स्कॅटोल, स्कॅटोल म्हणजे जे विष्ठेतही असतं ते. बहुधा ती जंतू आणि गोचिड्यांना लांब ठेवायला असावीत. सोलताना केस मांसाला लागले तर पुढचं सगळं मुसळ केरात. जीभ मात्र बघण्यासारखी, जवळजवळ अर्धा मीटर, आणि पुढचा भाग काळा-जांभळा, दिवसभर काटेरी झाडांत बाहेर काढून ठेवायची म्हणून उन्हापासून वाचायला रंग असावा असा अंदाज आहे.

मग चव कशी? फ्रँक बकलंड नावाचा एक इंग्रज होता, एकोणिसाव्या शतकातला, त्याने खाल्लाय. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिराफाच्या घराला आग लागली आणि हा तिथला काही मेला की पातेलं घेऊन तयारच असायचा. हे त्याला घरातूनच मिळालं होतं, बाप विल्यम बकलंड ऑक्सफर्डचा भूशास्त्रज्ञ, १८२४ मध्ये मेगालोसॉरसचं वर्णन करणारा, म्हणजे डायनासोरला शास्त्रीय नाव देणारा पहिला माणूस, आणि त्याचा संकल्प होता अख्खं प्राणिविश्व चाखून बघायचा. त्याच्या मते सगळ्यात घाण चवीचा प्राणी म्हणजे चिचुंदरीसारखा तो मोल, पण नंतर त्याने निळी माशी खाल्ली आणि मत बदललं.

हत्तीचा पण अनुभव नोंदवलेला आहे. १८७० च्या हिवाळ्यात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, खायचं संपलं, आणि कॅस्टर आणि पोलक्स नावाचे दोन हत्ती मारून विकले. व्हॉयझाँ नावाच्या हॉटेलचा २५ डिसेंबरचा मेन्यू अजून प्रसिद्ध आहे, हत्तीचं सूप, भाजलेला उंट, कांगारूचा रस्सा. हेन्री लाबुशेर ह्या इंग्रज पत्रकाराने पोलक्सचा तुकडा खाऊन कळवलं की चिवट, जाडाभरडा आणि तेलकट. मला ह्यात हत्तीचा दोष दिसत नाही, कित्येक टन अंग उचलून चालणारा स्नायू आणि त्याला कुणी घाईघाईत तव्यावर टाकलं असेल तर काय होणार.

कुठलाही अनोळखी प्राणी खाल्ला की लोक "चिकनसारखा लागतो" म्हणतात, ह्यावर जो स्टेटन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये एका विनोदी विज्ञान नियतकालिकात चक्क वंशावळ मांडून दाखवलं होतं की चव ही पण पूर्वजांकडून येते, म्हणजे मगर चिकनसारखी लागते कारण दोघांचं घराणं एक. त्या हिशेबाने जिराफ गाय-हरणांच्या भावकीतला, सगळ्यात जवळचा नातेवाईक ओकापी, तेव्हा तो त्याच अंगाने लागणार, चिकनसारखा मुळीच नाही. आणि चवीवर लोकांचा किती भरवसा ठेवायचा हेही बघा. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या एक्सप्लोरर्स क्लबच्या जेवणात बर्फात सापडलेलं आदिम प्राण्याचं मांस वाढलं अशी दंतकथा झाली, कुणी म्हणे मॅमथ, कुणी म्हणे राक्षसी स्लॉथ. त्यातला एक तुकडा बाटलीत घालून म्युझियममध्ये ठेवलेला होता, येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्याचा डीएनए तपासून २०१६ मध्ये सांगितलं, समुद्री कासव. साठ-पासष्ट वर्षं लोक मॅमथ खाल्ल्याच्या ढेकरा देत होते.

आता मान, जी मी मुद्दाम शेवटी ठेवलीय. जिराफ म्हटलं की मान, दोन मीटरच्या आसपास, आणि मणके तेवढेच सात जेवढे माझ्या-तुमच्या मानेत आहेत, फक्त एकेक वीतभर. ह्या मानेचं आणि डोक्याचं ओझं स्नायूंनी दिवसभर उचलून धरलं तर जिराफ दुपारपर्यंत थकून बसेल, म्हणून मानेच्या मागच्या कडेने डोक्यापासून पाठीपर्यंत एक जाड पिवळसर दोरखंड गेलेला असतो, रबराचाच समजा. मान खाली नेली की तो ताणला जातो, आणि सोडली की स्वतःच वर खेचतो. जिराफाला मान वर ठेवायला नाही, खाली करायला कष्ट पडतात.

हा दोरखंड कोलॅजनचा नाही, बहुतांशी इलॅस्टिनचा. नाव ऐकून सख्खी बहीण वाटेल पण स्वभाव पूर्ण वेगळा. कोलॅजन ताणत नाही आणि उष्णतेपुढे शेवटी विरघळतं. इलॅस्टिन दुप्पट ताणतं, परत येतं, आणि त्याच्या साखळ्या एकमेकींना अशा काही पक्क्या जोडलेल्या असतात की उकळून त्याचं काहीच होत नाही. तुमच्या-माझ्या रक्तवाहिन्यांतलं इलॅस्टिन बहुतेक लहानपणीच बनलेलं असतं आणि तेच जन्मभर पुरतं, इतकं ते टिकाऊ. एका शास्त्रीय पेपरचा उल्लेख वाचताना मला अक्षरशः हसू फुटलं, ते असं की प्रयोगशाळेत शुद्ध इलॅस्टिन हवं असेल तर जुनी पद्धत काय, गुराच्या मानेतला हाच दोरखंड घ्यायचा आणि ऑटोक्लेव्हमध्ये टाकायचा. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रयोगशाळेतला कुकरच हो. एकदा, दोनदा, परत परत, कोलॅजन आणि बाकीचं सगळं विरघळून पाण्यात जाईपर्यंत. मग जे उरतं, जे कुठल्याच शिट्टीला दाद देत नाही, ते इलॅस्टिन.

दुसऱ्या दिवशी भाची आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. की शिट्टी हे मुळात मापच नाही, ज्योत मोठी केली की शिट्ट्या पटापट होतात, बारीक केली की होतच नाहीत, आत मात्र तापमान जवळपास तेवढंच, मोजायची असतात ती मिनिटं. की दोनशे कुकर लागतील, चौदा हजार तुकडे. की जेवायला अडीच हजारांवर माणसं बोलवावी लागतील. आणि की बाकी सगळं शिजेल पण मान काही केल्या शिजणार नाही, शंभर शिट्ट्या केल्या तरी.

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच सात वर्षांची आहे. चित्र उलटं करून माझ्यासमोर धरलं, झाकणातल्या भोकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्हणून तर बाहेर काढलीये ना."